पियानोचं नोटेशन वाचायला शिका, हात मात्र मोकळे ठेवा

कानाने पियानो वाजवणाऱ्यांना कागदाची भीती वाटते. एकदा ठिपके वाचायची सवय लागली की मनाने वाजवणं सुटेल, असं त्यांना वाटतं. ही भीती अगदीच निराधार नाही. वर्षानुवर्षं शिकून, परीक्षा देऊन, पुस्तक मिटलं की चार सूरही स्वतःहून न वाजवता येणारी माणसं खरोखरच असतात. पण त्यात दोष वाचनाचा नाही. त्यांना एक ठिपका पाहून एक पट्टी दाबायला शिकवलेलं असतं. चाल कुठून निघाली, खाली कोणता कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आहे, ती कुठे विसावणार आहे, हे त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं.

म्हणून इथला क्रम थोडा वेगळा लावला आहे. वाचनातली एक गोष्ट शिकली की त्याच दिवशी तिच्याशी खेळायचं, तिच्यातून स्वतःचं काहीतरी वाजवायचं. "आधी नीट वाचता येऊ दे, मग बघू" असं म्हणणाऱ्याचं ते "मग" सहसा येत नाही.

वाद्याबद्दल थोडक्यात. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्डही चालतो. मात्र पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा आणि हळू दाबली की लहान, एवढी सोय त्यात हवीच. ती नसेल तर कागदावरच्या अर्ध्या खुणांना काही अर्थ उरत नाही.

पायरी १ : कागदाआधी पट्ट्या

काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत बसवलेल्या असतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी. तीनच्या गटाच्या लगेच डावीकडची एफ. या दोन सापडल्या की बाकीच्या आपोआप कळतात : सी, डी, ई, एफ, जी, ए, बी आणि पुन्हा सी. हे डोळे मिटून, काळ्या पट्ट्या बोटांनी चाचपत ओळखता यायला हवं. पुढे नजर कागदावर ठेवायची आहे, आणि दर सुराला हाताकडे पाहणाऱ्याची ओळ दर सुराला हरवते.

पेटी वाजवलेल्यांसाठी एक इशारा. सी म्हणजे पांढरी एक, सा नव्हे. सा कुठेही धरता येतो, पण सी जागचा हलत नाही. कागदावर लिहिलेला सूर नेहमी ठरावीक पट्टी दाखवतो. सरगम पक्की असलेल्यांचा पहिल्या काही आठवड्यांतला निम्मा गोंधळ इथूनच येतो, आणि पुढे त्यांना हीच सरगम सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

आता आजचा खेळ. डाव्या हाताने खालच्या सप्तकातल्या काळी तीन आणि काळी एक, म्हणजे एफ शार्प (तीनच्या गटातली पहिली काळी) आणि त्याच्या वरचा सी शार्प (दोनच्या गटातली पहिली), एकत्र दाबून धरा. उजव्या हाताने फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, कुठल्याही क्रमाने. पाचच स्वर आहेत आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत, त्यामुळे बेसूर व्हायची भीती नाही. पाच मिनिटं असंच फिरा.

पायरी २ : खुणेचे सूर

पियानोचं नोटेशन दोन स्टाफवर लिहितात. प्रत्येक स्टाफला पाच रेघा आणि रेघांमध्ये चार घरं. वरचा स्टाफ बहुतेक वेळा उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा. वरच्याच्या सुरुवातीला ट्रेबल क्लेफ ही खूण असते. तिचा वळसा खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतो, म्हणून ती रेघ जी. खालच्याच्या सुरुवातीला बेस क्लेफ असते. तिचे दोन ठिपके वरून दुसऱ्या रेघेच्या वर-खाली बसतात, म्हणून ती रेघ एफ. दोन्ही स्टाफच्या मधोमध, एका छोट्या जादा रेघेवर, मिडल सी, म्हणजे कीबोर्डच्या मध्याजवळचा सी.

आणखी दोन सूर लक्षात ठेवा. ट्रेबलमध्ये वरून दुसऱ्या घरात सी, बेसमध्ये खालून दुसऱ्या घरात सी. मिडल सीमधून आडवी घडी घातली तर ही मांडणी आरशासारखी जुळते : वर जी खालून दुसऱ्या रेघेवर, तर खाली एफ वरून दुसऱ्या रेघेवर. मिडल सीच्या एक सप्तक वरचा आणि एक सप्तक खालचा सीदेखील तसेच समोरासमोर. हे पाच सूर पक्के करा. बाकीचे बहुतेक यांच्यापासून एक-दोन पावलांवर सापडतात.

रेघांची नावं लक्षात राहावीत म्हणून वाक्यं पाठ करायची पद्धत फार जुनी आहे. मला ती आवडत नाही. वाक्य आठवायचं, त्यातला कितवा शब्द ते मोजायचं, आद्याक्षर काढायचं, एवढं होईपर्यंत सूर निघून गेलेला असतो. आणि प्रत्येक ठिपक्यावर पेन्सिलीने नाव लिहून ठेवायचा मोह तर कटाक्षाने टाळा. नाव लिहिलं की डोळे अक्षर वाचतात, ठिपका पाहतच नाहीत.

सुरांवर कधी कधी १ ते ५ आकडे छापलेले असतात. ते बोटांचे. दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५. "१ म्हणजे सी" असं डोक्यात बसलं असेल तर आत्ताच काढून टाका, कारण पुढच्याच धड्यात अंगठा दुसरीकडे गेलेला असेल.

पायरी ३ : नावं कमी, अंतरं जास्त

वाचनाचा खरा गाभा इथे आहे, तेव्हा इथे घाई नको.

सराईत वाचक प्रत्येक सुराचं नाव घेत बसत नाही. तो पहिला सूर ओळखतो आणि पुढे फक्त दोनच गोष्टी पाहतो : वर की खाली, आणि किती. रेघेवरून लगतच्या घरात किंवा घरातून लगतच्या रेघेवर गेलो तर शेजारची पट्टी. या अंतराला सेकंड म्हणतात. रेघेवरून पुढच्या रेघेवर किंवा घरातून पुढच्या घरात गेलो तर मधली एक पट्टी सोडायची. तो थर्ड (दोन्ही टोकं धरून तीन सूर). मधली एक रेघ ओलांडून त्यापुढच्या रेघेवर गेलो तर फिफ्थ, म्हणजे पाच बोटं पाच लगतच्या पट्ट्यांवर ठेवल्यावर अंगठा आणि करंगळीत जेवढं अंतर असतं तेवढं.

यात एक सोपा नियम दडला आहे. तीन, पाच, सात या विषम अंतरांत दोन्ही ठिपके एकाच जातीचे असतात : दोन्ही रेघांवर किंवा दोन्ही घरांत. दोन, चार, सहा, आठ या सम अंतरांत एक रेघेवर, दुसरा घरात. म्हणूनच मिडल सी रेघेवर आहे आणि त्याच्या वरचा सी घरात. नाव एकच असलं तरी डोळ्यांना ते वेगळे दिसतात, आणि नवशिक्या तिथे हमखास अडखळतो.

कॉर्डही असेच नजरेने ओळखता येतात. तीन ठिपके एकावर एक, तिन्ही रेघांवर किंवा तिन्ही घरांत, दिसले की साधा तीन सुरांचा कॉर्ड समजायचा. सगळ्यांत खालच्या सुराचं नाव तेच कॉर्डचं नाव : सी-ई-जी म्हणजे सीचा कॉर्ड. हाच कॉर्ड उलथापालथ करून ई-जी-सी किंवा जी-सी-ई असाही लिहितात. मग ठिपक्यांच्या रचनेत एक जागा थोडी मोठी दिसते. तो फोर्थ, म्हणजे चारचं अंतर. त्या मोठ्या जागेच्या वरचा सूर म्हणजे कॉर्डचं नाव. दोन्ही उदाहरणांत मोठी जागा जी आणि सीच्या मध्ये आहे आणि वरचा सूर सी आहे, हे ताडून पाहा.

कॉर्डचं नाव कळण्याशी मोकळेपणाचा संबंध काय? सगळा संबंध तिथेच आहे. "ई, जी, सी" असे तीन सुटे सूर वाचणारा तेवढेच तीन सूर वाजवू शकतो. "सीचा कॉर्ड" असं वाचणारा तो मोडून, पसरवून, वर-खाली करून, हवा तसा वाजवू शकतो.

आता एक छोटी चाल घेऊ. ती या लेखापुरती मीच जुळवली आहे आणि पुढे हीच वापरायची आहे (दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक बार, आडवी रेघ म्हणजे आधीचा सूर लांबवायचा) :

सी डी ई जी | ए जी ई ‒ | डी ई एफ डी | सी ‒ ‒ ‒

एका कोऱ्या स्टाफवर, ट्रेबल क्लेफ काढून, ती स्वतः लिहून काढा. बोटं : सीवर १, डीवर २, ईवर ३, जीवर ४, एवर ५. तिसऱ्या बारमध्ये चौथं बोट जीवरून एफवर सरकेल. सरगमवाल्यांच्या लगेच लक्षात येईल की पहिल्या दोन बारमध्ये भूपाचेच पाच स्वर आहेत आणि तिसऱ्यात मध्यम आल्यावर तो भूप राहत नाही.

ही चाल अंतरांनी वाचा. शेजारी, शेजारी, एक सोडून, शेजारी वर, शेजारी खाली, एक सोडून खाली. आता हीच अंतरं जीपासून सुरू करा : जी ए बी डी | ई डी बी ‒ | ए बी सी ए | जी ‒ ‒ ‒. एकही काळी पट्टी लागली नाही आणि चाल जशीच्या तशी दुसऱ्या सुरावर गेली. नावं पाठ करणाऱ्याला हे जमायला अर्धा तास लागेल. अंतरं वाचणाऱ्याला ते बसल्या बसल्या जमतं.

पायरी ४ : लय वेगळी काढा

सूर आणि लय एकाच वेळी वाचायची धडपड नव्या माणसाने करू नये. आधी टाळ्यांवर लय वाचा, पट्ट्यांना हातही लावू नका.

दांडी असलेला काळा ठिपका बहुतेक वेळा एक मात्रा धरतो. तो क्वार्टर नोट. पोकळ ठिपका आणि दांडी म्हणजे हाफ नोट, दोन मात्रा. दांडी नसलेला पोकळ ठिपका म्हणजे होल नोट, चार मात्रा. दांडीला शेपूट असेल, किंवा दोन दांड्या आडव्या जाड रेघेने जोडल्या असतील, तर प्रत्येक सुराला अर्धी मात्रा. ठिपक्याच्या उजवीकडे बारीक टिंब दिसलं तर त्या सुराची लांबी दीडपट करायची.

सुरुवातीला लिहिलेल्या ४/४ चा अर्थ : प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, आणि मात्रा मोजायची क्वार्टर नोटने. ३/४ मध्ये तीन. ६/८ दिसलं की सहा मोजत बसू नका. तिथे तीन-तीनचे दोन झोके असतात आणि मोजायचं दोनच. प्रत्येक बारचा पहिला ठोका किंचित वजनदार असतो. समेचं भान असलेल्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

मोठ्याने मोजा. "एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि." लाज वाटली तरी मोजा. मनात मोजणारा अवघड जागी नकळत मोजणं थांबवतो आणि ते त्याला कळतही नाही.

आता वरची चाल घ्या आणि सूर तेच ठेवून लय बदला. चारच्या जागी तीन मात्रा करा, पहिला सूर दोन मात्रांचा, दुसरा एक मात्रेचा :

सी ‒ डी | ई ‒ जी | ए ‒ जी | ई ‒ ‒ | डी ‒ ई | एफ ‒ डी | सी ‒ ‒ | सी ‒ ‒

चार बारचे आठ झाले आणि चाल गिरक्या घ्यायला लागली. मग उलटं करा : पहिल्या रूपातली लय तशीच ठेवा आणि सूर मनाने भरा. "चार छोटे, दोन छोटे, एक लांब, चार छोटे, एक खूप लांब" एवढा सांगाडा धरून कुठल्याही पांढऱ्या पट्ट्या वाजवा. शेवट फक्त सीवर करा.

पायरी ५ : शार्प-फ्लॅटची पाटी

क्लेफच्या शेजारी शार्प किंवा फ्लॅट छापलेले असतील तर ते पूर्ण ओळीला लागू. शार्प म्हणजे अर्ध्या सुराने वर, फ्लॅट म्हणजे अर्ध्या सुराने खाली. शार्पचा क्रम ठरलेला आहे : एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. फ्लॅटचा बरोबर उलटा. मेजर स्केल (सी ते सी पांढऱ्या पट्ट्यांसारखं, शुद्ध स्वरांचं) ओळखायचं तर शेवटच्या शार्पच्या अर्धा सूर वर पाहा. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हेच स्केलचं नाव. एकच फ्लॅट असेल तर एफ मेजर, हे सरळ पाठ करून टाका. तीच पाटी त्या मेजरच्या तीन अर्धे सूर खालच्या मायनरचीही (कोमल गंधाराच्या स्केलचीही) असते. रचना कुठल्या सुरावर विसावते ते पाहिलं की कोणतं ते कळतं. मध्येच एखाद्या सुरापुढे शार्प-फ्लॅट आला तर तो त्या बारपुरता आणि त्याच रेघेपुरता किंवा घरापुरता.

पडताळायला आपली चाल एफपासून वाजवा : एफ जी ए सी | डी सी ए ‒ | जी ए बी जी | एफ. तिसऱ्या बारमधला बी कानाला खुपेल. तिथे बी फ्लॅट हवा. फ्लॅटची पाटी कशासाठी असते ते यापेक्षा चांगलं कुठलंही पुस्तक सांगणार नाही.

पायरी ६ : तीच चाल, डावा हात तुमचा

इथपर्यंत आलात तर वाचनाचा आणि रचनेचा रस्ता एकत्र येतो. मूळ चालीखाली डाव्या हाताने प्रत्येक बारला एक कॉर्ड द्यायचा आहे.

पहिल्या बारमध्ये सी, ई, जी हे सूर आहेत, डी मधून जाता जाता लागतो. म्हणजे सीचा कॉर्ड. दुसऱ्या बारमध्ये निवड आहे. ए मायनर घेतला (ए-सी-ई) तर चाल जरा गंभीर होते. सीचाच कॉर्ड चालू ठेवला तर ए हा त्याच्या बाहेरचा सूर, तो कॉर्डवर रेलतो आणि लगेच जीवर उतरतो. दोन्ही बरोबर आहे. तिसऱ्या बारमध्ये जीचा कॉर्ड (जी-बी-डी) घ्या. तो घरी जायची ओढ लावतो. चौथ्यात सी, म्हणजे घर.

आता चौथ्या बारमध्ये सीच्या ऐवजी ए मायनर द्या. उजव्या हाताने वाजवलेला सूर तोच आहे, सी. पण चाल संपत नाही, पुढे काहीतरी यायचं आहे असं वाटत राहतं. तिसऱ्या बारमध्ये जीच्या जागी डी मायनर (डी-एफ-ए) घेऊन पाहा, ओढ कमी होऊन शेवट मवाळ होईल. वरच्या स्टाफवरचा एक ठिपकाही न हलवता अर्थ बदलतो. हे एकदा कानाने अनुभवलं की पुढे कुठलंही पान समोर आलं तर आपोआप प्रश्न पडतो : इथे रचनाकाराने हाच कॉर्ड का घेतला, दुसरा घेतला असता तर?

कॉर्ड ठरले की ते वाजवायचे कसे, तेही तुमच्याच हाती. तीन सूर एकदम दाबा. किंवा खालून वर एकेक सोडा. किंवा खालचा-वरचा-मधला-वरचा या क्रमाने, सी-जी-ई-जी असे, वाजवा. याला अठराव्या शतकातल्या दोमेनिको अल्बर्ती या संगीतकाराच्या नावावरून अल्बर्ती बेस म्हणतात, आणि त्या काळातल्या पियानोच्या पानांवर तो जिथे तिथे दिसतो. तो ओळखता आला की डाव्या हाताचे सोळा ठिपके वाचायची गरज उरत नाही, "सीचा कॉर्ड, अल्बर्ती" एवढं वाचलं की झालं.

शेवटी ई आणि ए हे दोन्ही सूर फ्लॅट करून, म्हणजे कोमल गंधार आणि कोमल धैवत लावून, पूर्ण चाल वाजवा. मेजरची मायनर होईल. डाव्या हाताच्या कॉर्डमध्येही तेच सूर उतरवा. मग एचा कॉर्ड ए फ्लॅटचा होईल, ए फ्लॅट-सी-ई फ्लॅट. त्या जागी काय ऐकू येतं याकडे जरा लक्ष द्या.

कागद काय ठरवतो, काय सोडून देतो

छापलेल्या पानावर सगळं काही ठरलेलं असतं, हा समज बराच अलीकडचा आहे. सतराव्या-अठराव्या शतकात कीबोर्डवाल्याला पुष्कळदा फक्त बेसची ओळ आणि तिच्यावर काही आकडे दिलेले असत. आकडे म्हणजे बेसपासूनची अंतरं, म्हणजे तिसऱ्या पायरीत शिकलो तेच. मधले सूर वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे भरायचे. जर्मन संगीतकार बाखने १७२३ मध्ये दोन आणि तीन आवाजांच्या (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र चालींच्या) आपल्या छोट्या रचनांची वही सिद्ध केली, तिच्या मुखपृष्ठावर हेतू लिहिला आहे : शिकणाऱ्याला स्वच्छ वाजवता यावं, चांगल्या कल्पना सुचाव्यात, त्या फुलवता याव्यात आणि रचना करण्याची गोडी लागावी. वाचन आणि निर्मिती यांची फारकत त्याच्या डोक्यात नव्हती. १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजाने दिलेल्या विषयावर त्याने तिथेच तीन आवाजांचा फ्यूग (एकच विषय आवाज एकामागून एक उचलतात अशी रचना) वाजवला होता. पियानोवादक आणि रचनाकार शोपँ आपल्या शिष्यांच्या छापील प्रतींवर स्वतःच्याच रचनांचे वेगळे अलंकार पेन्सिलीने लिहून देत असे.

उलट टोकही आहे. कन्चेर्टोमध्ये (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत) एका जागी वाद्यवृंद थांबतो आणि वादक मनाने वाजवतो, त्याला कडेन्झा म्हणतात. बेथोवनने आपल्या पाचव्या पियानो कन्चेर्टोत त्या जागी स्पष्ट लिहून ठेवलं की इथे कडेन्झा करू नका, लगेच पुढे जा. म्हणजे मोकळीक किती हेही रचना पाहूनच ठरतं, आणि ते कळायला पान नीट वाचता यावं लागतं.

व्यवहारात असं धरा. सूर आणि त्यांची लांबी ही सर्वांत ठाम माहिती. हळू-मोठा आवाज दाखवणारी अक्षरं सापेक्ष असतात. इटालियनमधला पी (पियानो) म्हणजे मृदू, एफ (फोर्ते, एफ हा सूर नव्हे) म्हणजे जोरकस, पण किती ते खोली, वाद्य आणि आधीचा बार यांवर अवलंबून. वेगाचे शब्द त्याहून सैल. जुन्या रचनांच्या बऱ्याच आवृत्त्यांत बोटांचे आकडे, कमानी आणि आवाजाच्या खुणा नंतरच्या संपादकाने घातलेल्या असतात. बाखच्या मूळ पानांवर अशा खुणा फारच थोड्या आहेत. मूळ हस्तलिखित आणि पहिल्या छपाईला धरून काढलेल्या आवृत्तीला उर्टेक्स्ट म्हणतात. ती शेजारी ठेवली की रचनाकाराचं काय आणि संपादकाचं काय ते कळतं. हक्क संपलेल्या रचनांची पानं आयएमएसएलपी या संकेतस्थळावर २००६ पासून मोफत मिळतात, आणि एकाच रचनेच्या दोन-तीन आवृत्त्या तिथे ताडून पाहता येतात.

रोजचा अर्धा तास

अर्ध्या तासाची ढोबळ वाटणी अशी : दहा मिनिटं कधीही न पाहिलेलं पान वाचणं, दहा मिनिटं चालू रचना, दहा मिनिटं त्याच रचनेशी खेळ. खेळाची दहा मिनिटं सर्वांत आधी कापली जातात. तसं करू नका, वेळ कमी असेल तर चालू रचनेची कापा.

नव्या पानाच्या वाचनाचे नियम कडक आहेत. पान तुमच्या वाजवण्याच्या पातळीपेक्षा बरंच सोपं हवं. वाजवण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघा : शार्प-फ्लॅटची पाटी, मात्रा, सगळ्यांत बारीक सूर कुठे आहेत, हात कुठे उडी घेणार आहेत, कोणता तुकडा परत येतो. मग सगळ्यांत अवघड बार जमेल एवढ्या हळू वेगात सुरू करा आणि शेवटपर्यंत थांबू नका. सूर चुकला तर चुकू द्या, मात्रा चुकवू नका. फारच गर्दी झाली तर उजव्या हाताचा वरचा सूर आणि डाव्याचा सर्वांत खालचा सूर ठेवा, मधले गाळा. गाळायचं काय ते जागच्या जागी ठरवणं हे स्वतःच एक कौशल्य आहे, आणि पुढे गाण्याची साथ करताना तेच कामी येतं.

दोन्ही हात एकत्र वाचताना खालून वर वाचा : आधी बेसचा सूर, मग त्याच्या बरोबर वर उभ्या रेषेत काय आहे ते. नजर हातांच्या पुढे राहावी म्हणून जो बार वाजतो आहे तो एखाद्या कार्डाने झाकून टाका. सुरुवातीला चिडचिड होते, पण उपाय चांगला आहे.

कानाने वाजवणाऱ्यांची एक खास अडचण. दोनदा वाजवलं की त्यांना पाठ होतं, आणि तिसऱ्यांदा ते पानाकडे पाहतच नाहीत. वाजतं छान, वाचन मात्र पुढे सरकत नाही. त्यावर औषध म्हणजे रोज नवं पान, आणि तेही दोन-तीनदाच वाजवून बाजूला ठेवायचं. पडद्यावर वरून खाली पडणारे रंगीत ठोकळे पाहून वाजवायची पद्धत लोकप्रिय आहे. आज रात्री कुणाला एखादं गाणं ऐकवायचं असेल तर ती जरूर वापरा. ते वाचन म्हणून धरू नका, कारण ठोकळ्यांत अंतरं आणि कॉर्ड यांची ओळख होत नाही.

लीड शीटकडे, आणि तिथून स्वतःच्या पानाकडे

एक स्टाफ, त्यावर नुसती चाल, आणि चालीच्या वर कॉर्डची नावं : या पानाला लीड शीट म्हणतात. जॅझ आणि लोकप्रिय गाण्यांत ते सर्रास चालतं. पूर्ण पान वाचायला शिकत असतानाच आठवड्यातून एक लीड शीट घ्या. पहिल्यांदा उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने कॉर्डचा फक्त मूळ सूर. दुसऱ्यांदा पूर्ण कॉर्ड. तिसऱ्यांदा सहाव्या पायरीतले प्रकार. चौथ्यांदा चालीतल्या लांब सुरांच्या जागी दोन-चार सूर मनाचे भरा, पण बारच्या पहिल्या ठोक्यावर मूळ चालीला परत या. सहाव्या पायरीतली आपली चाल, वर सी, ए मायनर, जी, सी अशी नावं टाकली, की तीही लीड शीटच आहे.

आणि स्वतःचं लिहा. वाचन सुधारायचा याहून जलद मार्ग मला माहीत नाही. चार बारच्या वर जाऊ नका. आधी चाल गुणगुणा, मग टाळीवर तिची लय शोधा आणि नुसती लय लिहा, सूर नंतर. पहिला वजनदार ठोका कुठे पडतो ते ठरवून तिथे बारची रेघ मारा. ही रेघ चुकीच्या जागी पडणं ही नव्या लिहिणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण असते, तेव्हा चाल दोन-तीनदा चालत चालत म्हणून पाहा, पाऊल जोरात कुठे पडतं ते बघा. मग सूर भरा, शार्प-फ्लॅटची पाटी लावा, कॉर्डची नावं वर टाका. म्यूझस्कोर हा मोफत प्रोग्रॅम लिहिलेलं वाजवूनही दाखवतो. मी मात्र सुरुवातीला वही आणि पेन्सिलच सुचवेन, कारण संगणक चुकीची लय बिनदिक्कत वाजवतो आणि आपल्याला तीच बरोबर वाटायला लागते.

लिहिलेलं पान दोन दिवस बाजूला ठेवा. मग ते दुसऱ्या कुणाचं आहे असं समजून, फक्त लिहिलंय तेवढंच, हळू वाजवा. जिथे हात कागद सोडून वेगळंच वाजवू पाहतील तिथे थांबा. कधी लिहिण्यात चूक असेल, तर पान दुरुस्त करा. कधी हातांना सुचलेलं जास्त चांगलं असेल, तर ते खाली दुसऱ्या ओळीत लिहून ठेवा, पहिलं खोडू नका.